स्मरणिकेत कचऱ्याचं प्रकरण कसं लिहावं

१९५० च्या दशकात मुंबईच्या उपनगरांत उभ्या राहिलेल्या सोसायट्यांची पंच्याहत्तरी आता एकामागून एक येते आहे, आणि पंच्याहत्तरी म्हटली की स्मरणिका आलीच. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या पार्ल्यातल्या सोसायटीची स्मरणिका केली, मग शेजारच्यांनी बोलावलं, मग त्यांच्या शेजारच्यांनी. अनुक्रमणिका सगळीकडे एकच: अध्यक्षांचं मनोगत, संस्थापक सभासदांचे फोटो, गणेशोत्सवातली नाटकं, ‘आमचे गुणवंत’, श्रद्धांजली, जाहिराती. एक प्रकरण मात्र कुठेच नसतं. एवढ्या घरांचा केर, सांडपाणी आणि मैला एवढी वर्षं गेला कुठे आणि नेला कोणी? आतल्या पानावर गाडगेबाबांचा फोटो तेवढा असतो.

हे प्रकरण लिहिता येतं. इतिहासाची पदवी लागत नाही. एक वही, मोबाइलचा कॅमेरा, सोसायटीच्या कपाटाची किल्ली आणि अवघडलेली शांतता सहन करायची तयारी एवढं पुरतं. पुढे सांगते आहे ते मुंबईच्या उपनगरांपुरतं, त्यातही मला ओळखीच्या पार्ले-अंधेरी पट्ट्याकडे झुकलेलं. ठाणे-पुणे-नागपूरवाल्यांनी कायदे आणि कार्यालयं आपापली बघावीत, विचारायचे प्रश्न तेच राहतील.

राखेपासून सुरुवात करा

ज्येष्ठ सभासदांना ‘तेव्हा स्वच्छता कशी होती?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: ‘फार छान होती हो, आत्तासारखं नव्हतं.’ त्यातून एक ओळही छापण्यासारखी मिळत नाही. वस्तूंबद्दल विचारा. ‘राख कुठे टाकायचात?’ या एका प्रश्नावर नव्वदीतल्या आजी खुर्ची पुढे ओढून बसतात.

कारण तेव्हाच्या घरातल्या केरात राखेचा वाटा मोठा होता. स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी, न्हाणीघरात बंब, सणावाराला मागच्या अंगणात चूल. थोडी राख नारळाच्या शेंडीबरोबर भांड्यांना लागायची, थोडी झाडांना जायची, उरलेली डब्यात. मुंबईत सिलिंडरचा गॅस १९५५ मध्ये ‘बर्शेन’ या नावाने आला. तुमच्या इमारतीत तो कोणाकडे आधी आला, कोणाकडे दहा वर्षांनी आला, हे लोकांना पक्कं आठवतं, कारण त्यासाठी नंबर लावावा लागायचा आणि ज्यांच्याकडे आला त्यांचा थोडा हेवाही वाटायचा. प्रत्येक घरापुढे गॅसचं साल लिहून घ्या. तुमच्या इमारतीच्या केरातून राख कधी हटली त्याचा तक्ता आपोआप तयार होतो, आणि असा तक्ता पालिकेच्या कुठल्याही अहवालात मिळणार नाही.

राखेनंतर उरल्यासुरल्या अन्नाकडे वळा. ‘रात्रीचा भात उरला तर?’ सकाळी फोडणीचा व्हायचा. ‘भाजीची देठं?’ गवळ्याच्या म्हशीला किंवा दारावर येणाऱ्या गाईला. आरे कॉलनी १९४९ पासून उभी राहिली ती शहरातले गोठे बाहेर काढण्यासाठी, पण म्हणून उपनगरातले तबेले लगेच संपले नाहीत, जोगेश्वरी-गोरेगावकडे ते पुढेही राहिले. नारळाच्या करवंट्या बंबात. वर्तमानपत्रं रद्दीवाल्याकडे, बाटल्या बाटलीवाल्याकडे, जुने कपडे बोहारणीकडे आणि त्यावर पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस. डालड्याच्या डब्यात तुळस किंवा तांदूळ. हे सगळं वजा केल्यावर रस्त्यावरच्या कचरापेटीत काय पोचत होतं याचा अंदाज बांधा.

इथे एक सापळा आहे. हे वाचून तरुण संपादक लगेच ‘आपले पूर्वज पर्यावरणाचे रक्षक’ असा मथळा देतात. देऊ नका. रेशनिंगचे दिवस होते, पगार पुरत नव्हते, आणि प्लास्टिकची पिशवी अजून आलेली नव्हती. लोक काटकसर करत होते, एवढंच लिहा.

आता संडास. या विषयावर सुशिक्षित माणसं एकदम अवघडतात, म्हणून वाट पावसाच्या बाजूने काढा. ‘पावसाळ्यात रात्री मागच्या संडासापर्यंत कसे जायचात?’ छत्री, कंदील, टमरेल, सोबतीला भाऊ, पायाखाली ठेवलेल्या विटा. मग पुढचं: सफाई किती वाजता व्हायची? त्या वेळी मुलांना मागच्या दारी जाऊ द्यायचे का? पाणी कोण ओतायचं? फ्लश कधी बसला, आणि त्याआधी गच्चीवर टाकी चढवली का? वैतरणेचं पाणी मुंबईला १९५७ च्या सुमारास मिळू लागलं. नळाला दिवसातून किती तास पाणी यायचं हे विचारल्याशिवाय फ्लशची गोष्ट पूर्ण होत नाही. साखळी ओढून पाणी आलं नाही, तर तो संडास जुन्या संडासापेक्षा वाईट.

सगळ्यात अवघड प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा: ‘सफाईला येणाऱ्या माणसाला चहा-पाणी द्यायचात ना? मग कप कुठे ठेवलेला असायचा?’

एवढंच विचारा आणि गप्प बसा. ‘द्यायचो की चहा’ असं उत्तर पटकन येतं. कपाची जागा सावकाश येते: मागच्या जिन्याच्या कोनाड्यात, कुंपणाच्या खुंटीला, न्हाणीच्या खिडकीत. कान तुटलेला. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता १९५० मध्येच रद्द केली होती आणि १९५५ मध्ये ती पाळणाऱ्याला शिक्षा करणारा कायदाही झाला होता. तुमच्या सोसायटीची नोंदणी त्याच्या आसपासची असेल. दोन्ही तारखा एका पानावर आल्या की वेगळं भाष्य करावं लागत नाही. एखादे आजोबा चिडतील, ‘हे छापणार आहात का?’ म्हणतील. त्यांचं नाव वगळण्याचं कबूल करा, पण कप वगळू नका.

इमारतीच्या मागे जा

स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर दर्शनी बाजू असते. आपल्याला मागची बाजू हवी. पुनर्विकासाचं बोलणं सुरू झालं असेल तर हे काम आधी करा, पत्रे लागले की सगळं गेलं.

पहिली पाहायची ती घरगल्ली, दोन इमारतींमधली किंवा मागची ती अरुंद फट. तिला आज आपण कचरा फेकायची जागा समजतो, पण १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात तिची व्याख्या आहे: सांडपाणी वाहून जावं आणि संडास साफ करणाऱ्यांना तिथपर्यंत पोचता यावं यासाठी सोडलेली पट्टी. म्हणजे ती वास्तुविशारदाने मुद्दाम आखलेली कामाची वाट होती, आणि राहणाऱ्यांच्या नजरेला काम करणारा पडू नये अशी आखलेली. तिची रुंदी मोजा. माणूस डोक्यावर किंवा कमरेवर टोपली घेऊन तिथून कसा जात असेल ते स्वतः चालून बघा, उन्हाळ्यात.

टोपलीचे संडास असलेल्या जुन्या बंगल्यांत आणि चाळींत मागच्या भिंतीला जमिनीलगत चौकोनी भोकं असत, तिथून टोपली ओढून काढायची. फ्लश आल्यावर ती बुजवली गेली. गिलावा पडला असेल तर वेगळ्या विटांचा चौकोन दिसतो. काही इमारतींना मागच्या बाजूने लोखंडी गोल जिना असतो आणि तो प्रत्येक मजल्यावर थेट न्हाणी-संडासाच्या दाराशी जातो, दिवाणखान्याशी त्याचा संबंध नाही. तो जिना कोणासाठी होता हे नव्या पिढीला माहीत नसतं. ‘आगीच्या वेळी उतरायला’ असं आत्मविश्वासाने सांगतात.

मग पाइप बघा. जुन्या बांधकामात संडासाचा जाड बिडाचा पाइप वेगळा आणि न्हाणी-मोरीचा वेगळा असतो. संडासाचा पाइप नंतर बसवला असेल तर तो भिंतीत मुरलेला नसतो, बाहेरून ठोकल्यासारखा दिसतो आणि खिडकीच्या कोपऱ्यावरून वेडावाकडा जातो. जुन्या प्लंबरला चहाला बोलवा. नहाणी ट्रॅप, चेंबर, सेप्टिक टाकीचा हवा जाणारा उंच पाइप, त्याच्या तोंडाची डासांसाठीची जाळी हे सगळं तो बोट ठेवून दाखवेल, आणि कुठल्या काळातलं काम आहे तेही बऱ्यापैकी सांगेल. कंपाउंडमधल्या बिडाच्या झाकणांवर ओतकाम करणाऱ्याचं नाव आणि कधीकधी साल असतं. कागद आणि खडू घेऊन घासून ठसा काढा, छपाईत फार छान येतो.

झाकण उघडू मात्र नका. ‘एकदा आत डोकावून फोटो काढू’ असा उत्साही सभासद प्रत्येक सोसायटीत असतो. बंद पडलेल्या सेप्टिक टाकीत आणि जुन्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू साठतो. अंडी कुजल्यासारखा वास सुरुवातीला येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, त्यामुळे ‘आता वास नाही’ याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. २०१३ च्या कायद्याने अशा टाकीत माणसाला धोकादायक पद्धतीने उतरवून साफसफाई करून घ्यायला बंदी आहे. १९९३ मध्ये पहिला कायदा झाला तेव्हा रोख मुख्यतः हाताने उपसायच्या संडासांवर होता, गटारं आणि टाक्या पुढे आल्या. टाकीची जागा नकाशावर दाखवा, वरून फोटो घ्या, पुरे.

शेवटी फाटकाबाहेर या. पालिकेची कचरापेटी कुठे होती ते तीन-चार जुन्या माणसांना वेगवेगळं विचारा. जागा एकच निघाली तर खूण करा. वेगवेगळी निघाली तर बहुधा पेटी हलत गेली असणार, कारण ‘आमच्या दारात नको’ हा अर्ज तेव्हाही होत होता.

दप्तर

सोसायटीच्या कपाटात तीन गोष्टी शोधा: सभांच्या इतिवृत्ताची वही, किर्द-खतावणी आणि असेसमेंटची, म्हणजे पालिकेच्या मालमत्ता कराची, जुनी बिलं. इतिवृत्तात सफाईचा उल्लेख फक्त तक्रार म्हणून येतो, त्यामुळे ते वाचून वाटतं की सफाई कधी झालीच नाही. खरी माहिती खतावणीत असते. फिनेल, ब्लीचिंग पावडर, खराटे, ‘टाकी उपसणे’, ‘गटार साफ’, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पानावर दिवाळीचं पोस्त. पोस्ताच्या ओळी नीट उतरवा. पोस्टमन, वॉचमन, माळी आणि सफाईवाला यांना किती-किती दिलं याची वर्षावर्षाची रांग लावली की सोसायटीच्या मनातली उतरंड रुपया-आण्यांत दिसते. १९५७ च्या एप्रिलपासून नवे पैसे आले, हिशेब जोडताना ते लक्षात ठेवा. आणे आणि नवे पैसे एकाच वहीत काही काळ शेजारी-शेजारी नांदतात.

असेसमेंटच्या बिलाकडे तर बहुतेक जण बघतच नाहीत. जुन्या बिलांवर सर्वसाधारण कर, पाणीपट्टी आणि ‘हलालखोर कर’ (हलालखोर म्हणजे मैला साफ करणारा) अशा वेगळ्या ओळी असत. हाच कर पुढे मलनिःसारण कर झाला. हा कर सरसकट नव्हता. पालिकेने जाहीर नोटीस देऊन ज्या भागातला मैला उचलायची जबाबदारी घेतली तिथे, किंवा ज्या घराचा संडास पालिकेच्या गटाराला जोडला तिथे, तो लागायचा. म्हणून तुमच्या बिलांत ही ओळ पहिल्यांदा कधी येते ते बघा. त्याआधीची व्यवस्था खासगी असणार: घरमालकाने किंवा सोसायटीने ठेवलेला माणूस, महिन्याचा पगार, लेखी काही नाही. बिलावरची तारीख आणि आजींच्या आठवणीतली तारीख जुळली नाही तर दोन्ही छापा.

नगरपालिका कोणती?

उपनगरातले लोक ‘म्युनिसिपालिटी’ म्हणतात तेव्हा कोणती हे साल विचारल्याशिवाय कळत नाही. मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये ठाण्यापासून वेगळा झाला. वांद्रे, कुर्ला, घाटकोपर-किरोळ, पार्ले-अंधेरी अशा स्वतंत्र नगरपालिका होत्या, आणखी वर गेलं की छोट्या संस्था. एप्रिल १९५० मध्ये मुंबई पालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेच्या बाजूला भांडुपपर्यंत आली. फेब्रुवारी १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. म्हणजे १९५३ साली जोगेश्वरीतला माणूस मुंबईचा करदाता होता आणि पुढच्याच स्टेशनवरचा गोरेगावकर नव्हता. तुमची इमारत कुठल्या बाजूला होती त्यावर कागद कुठे शोधायचे ते ठरेल.

१९५० च्या आधीचं काही हवं असेल तर राज्य पुराभिलेखागाराचा मुंबईतला विभाग बघा. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत तो वर्षानुवर्षं आहे, जाण्याआधी फोन करा, आधारकार्ड आणि सोसायटीचं पत्र न्या. विलीनीकरणानंतरच्या काळासाठी पालिका आयुक्तांचे वार्षिक प्रशासन अहवाल आणि त्यांतला आरोग्य खात्याचा भाग. त्यात वॉर्डवार तक्ते असतात. पार्ले-अंधेरी के वॉर्डात, पण तेव्हा के एकच होता, पूर्व-पश्चिम अशी फोड नंतरची. आजच्या के पूर्वचे आकडे जुन्या के वॉर्डाशी लावून ‘कचरा अमुक पट वाढला’ असं लिहिणारे असतात. तसं करू नका. त्यापेक्षा एकच साधी गोष्ट सांगा: आजच्या बृहन्मुंबईच्या क्षेत्रात १९५१ मध्ये सुमारे ३० लाख माणसं होती आणि १९६१ मध्ये साडेएकेचाळीस लाख. ही भर मोठ्या प्रमाणात उपनगरांत पडली, आणि गटारं तेवढ्या वेगाने आली नाहीत. पालिकेचे अभियंते नाना मोडक आणि अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या नियोजनाचा आराखडा १९४८ मध्येच मांडला होता, तोही चाळण्यासारखा आहे.

वर्तमानपत्रांतली वाचकांची पत्रं विसरू नका. ‘लोकसत्ता’ १९४८ पासूनचा, ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ पासूनचा. सगळं वर्ष चाळत बसायची गरज नाही. मे महिन्यात पाण्याची बोंब आणि जून-जुलैमध्ये तुंबलेल्या गटारांची, एवढे महिने घ्या.

कचरा गेला कुठे, हा प्रश्न याच टप्प्यावर सोडवायचा. शहराचा कचरा रेल्वेने चेंबूरकडे जायचा. कुर्ला-चेंबूर मार्ग १९०६ मध्ये मुळात त्यासाठीच टाकला आणि प्रवासी गाडी त्यावर १९२४ मध्ये धावली. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. उपनगरांतला बराच कचरा मात्र जवळपासची खाजणं आणि सखल जागा भरायला वापरला गेला. मालाडला चिंचोली बंदरची कचराभूमी होती, तिथे आज माइंडस्पेसच्या काचेच्या इमारती आहेत. तुमच्या भागाचा जुना नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी ठेवा. जुन्यात पाणथळ दाखवलेल्या जागी आज मैदान, शाळा किंवा वसाहत असेल, तर ती कशाने भरली हे तिथल्या जुन्या रहिवाशांना विचारा. पाया खणताना काय निघालं ते ठेकेदारांना आठवतं.

ज्यांनी काम केलं त्यांच्याकडे

इथवर जमलेलं सगळं दारातून पाहणाऱ्यांचं आहे. मागच्या जिन्याने आलेल्या माणसाचं त्यात काही नाही. ते मिळवल्याशिवाय प्रकरण छापू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात तुमच्या गल्लीच्या हजेरी चौकीपासून करा, म्हणजे पालिकेच्या सफाई कामगारांची हजेरी लागते तिथून. मुकादमाला सकाळी कामाच्या वेळी गाठू नका, हजेरी आणि गाड्यांच्या मागे असतो. दुपारी जा. सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी द्यायची लाड-पागे समितीची शिफारस अमलात असल्याने आज तुमच्या रस्त्यावर खराटा मारणाऱ्याचे आजोबा किंवा आजी याच भागात कामाला असण्याची शक्यता चांगली असते. निवृत्तांपर्यंत पोचायला म्युनिसिपल कामगारांच्या युनियन, सफाई कामगारांच्या वसाहतीतलं बुद्धविहार किंवा मंदिर, तिथलं मंडळ हे मार्ग. कोणी सौराष्ट्र-गुजरातेतून आलेले, कोणी कोकणातून किंवा घाटावरून, कोणी हरियाणाकडून. मैला उचलणं आणि रस्ता झाडणं ही कामंही एकाच समाजाकडे नव्हती. म्हणून आधीच गृहीत धरून प्रश्न तयार करू नका.

पहिल्या भेटीला कॅमेरा नको, रेकॉर्डर नको, समितीचे पाच जण तर मुळीच नकोत. एक-दोघांनी जावं. तिथे समोर आलेला चहा प्यावा. हे सांगावं लागतं याची लाज वाटते, पण एका सोसायटीच्या कार्यकर्त्याने ‘आत्ताच घेतला’ म्हणून कप परत केला आणि त्या घरातलं बोलणं तिथेच संपलं.

विचारायचं ते कामाबद्दल, दुःखाबद्दल नाही. दिवस कितीला सुरू व्हायचा? कोणत्या गल्ल्या वाट्याला? टोपली, बादली की हातगाडी? ओझं डोक्यावर की गाडीवर? गाडी बैलांची होती का, ट्रक कधी आला? गमबूट मिळाले का, मिळाले तर मापाचे होते का? बाळंतपणाची रजा? आजारी पडलं तर बदली कोण? पगार हातात पडायच्या आत सावकाराकडे किती जायचा? कुठली इमारत बरी होती, कुठली नको वाटायची? हा शेवटचा प्रश्न ऐकून माणसं हसतात आणि मग खरं बोलायला लागतात. तुमच्या सोसायटीबद्दल काय म्हणतील त्याची तयारी ठेवा.

पार्श्वभूमीसाठी एक वाचन इथे फार उपयोगी पडतं. मुंबई राज्याने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या परिस्थितीची चौकशी करणारी समिती नेमली, तिचा अहवाल १९५२ चा. मैला डोक्यावरून नेणं बंद करावं हा त्यातला एक मुख्य मुद्दा, आणि १९५५ मध्ये केंद्राने तिच्या शिफारशी इतर राज्यांकडे पाठवल्या. १९५७ मध्ये नेमलेल्या मलकानी समितीने १९६० मध्ये पुन्हा याच विषयावर अहवाल दिला. म्हणजे सरकारला माहीत होतं, पालिकेला माहीत होतं. तुमच्या गल्लीत टोपली नक्की कोणत्या वर्षी बंद झाली, हे त्या तारखांपुढे मांडा. युनियनच्या बाजूने पाहायचं तर डॉ. आंबेडकरांनी १९३० च्या दशकात उभ्या केलेल्या म्युनिसिपल कामगार संघाचं नाव जुन्या माणसांच्या बोलण्यात येतं, ते आलं की थांबून सविस्तर विचारा.

नावांचा प्रश्न नाजूक आहे. सोसायटीच्या बाजूने सगळ्यांना वाटतं, नाव छापलं की सन्मान झाला. पण एखाद्याचा नातू आज बँकेत अधिकारी असतो आणि त्याला ही नोंद नको असते. विचारा, लेखी होकार घ्या, नकार आला तर नुसतं ‘निवृत्त मोटार लोडर’ (कचऱ्याच्या ट्रकवरचा कामगार) किंवा ‘निवृत्त सफाई कामगार’ लिहा. उलट, कोणी आग्रहाने पूर्ण नाव आणि फोटो द्या म्हणालं, तर तो संस्थापक सभासदांच्या फोटोएवढ्याच आकारात द्या. मापपट्टीने मोजून. इतिवृत्तात जातीचं नाव कामाचं नाव म्हणून वापरलेलं सापडेल, बहुतेक ठिकाणी सापडतंच. आपल्या मजकुरात ते वापरू नका. मूळ पानाचा फोटो छापणार असाल तर तो त्या वसाहतीतल्या कोणाला आधी दाखवा आणि त्यांचं ऐका.

लिहिताना

प्रकरण आठ पानांच्या आत ठेवा. पहिल्या पानावर हाताने काढलेला नकाशा: इमारत, घरगल्ली, मागचे संडास, टाकी, विहीर, कचरापेटी, हजेरी चौकी. शाळकरी मुलांकडून काढून घेतला तर त्यांचे आईबाप अंक नक्की वाचतात. दुसऱ्या पानावर तारखांचा तक्ता, त्यात गॅस, फ्लश, गटाराची जोडणी, पहिला हलालखोर कर, मागचा जिना बंद केल्याचं साल. उरलेल्या पानांवर माणसांचं बोलणं, त्यांच्याच शब्दांत, एकमेकांशेजारी. सभासदाची आठवण डाव्या पानावर असेल तर कामगाराची उजव्या पानावर, एकाच गल्लीबद्दलची.

‘परिसर स्वच्छ व निरोगी होता’ असलं वाक्य आलं की खोडा आणि विचारा, कोणी केला, किती वाजता, कशाने? ‘मागच्या गल्लीतले संडास सकाळी सहाच्या आत साफ होत, पाणी विहिरीवरून ओढावं लागे, आणि त्याबद्दल महिन्याला अमुक रुपये खतावणीत आहेत’ असं वाक्य जमलं की ते ठेवा. रकमेच्या जागी तुमच्या वहीतला आकडा घाला. ‘निःस्वार्थ सेवा’ हे शब्द तर अजिबात नकोत. तो पगाराचा धंदा होता, आणि पगार कमी होता.

व्यवस्थापन समितीला मसुदा दाखवताना एकदम पूर्ण द्या, तुकड्यातुकड्याने दिला तर कपाचा परिच्छेद पहिल्यांदा जातो. आक्षेप येईल तो बहुधा ‘शुभप्रसंगी हे कशाला?’ असा. त्यावर खतावणीतली पोस्ताची पानं पुढे ठेवा, आपल्याच खजिनदारांच्या अक्षरातली. अंक आल्यावर बोललेल्या प्रत्येकाला एक प्रत घरी नेऊन द्या, एक हजेरी चौकीत, एक वॉर्डातल्या ग्रंथालयात. आणि छापखान्यात पानं लावताना हे प्रकरण मधल्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या मधल्या संचात, घाला. शेवटी ठेवलंत तर ऐन वेळी एखाद्या ज्वेलर्सची पानभर जाहिरात येते आणि जागा याचीच जाते.